पंचमीला पाणी आधी वळतं

आत्या, आज संध्याकाळी पाचच्या आत मला एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे, आणि प्रश्न तुझ्याबद्दलचा आहे, म्हणून तुला लिहायला बसले. तू गेलीस त्याला इतकी वर्षं झाली की भिंतीवरच्या तुझ्या फोटोतलं लुगडं नक्की कुठल्या रंगाचं होतं यावर घरात भांडण होतं. शिवाय जिवंत होतीस तेव्हाही तुला एक अक्षर वाचता येत नव्हतं. तेव्हा हे तुला पोचेल अशी माझी काही समजूत नाही. माझी शाळा चौथीला सुटली. त्यानंतर एवढं लांब मी कधी लिहिलेलं नाही, बोटं दुखतात. सून दोनदा डोकावून गेली. "आई, काय लिहिताय एवढं?" म्हटलं, "वाण्याची यादी." म्हणते, "चार पानांची?" म्हटलं, "घरात खाणारी तोंडं मोज, मग बोल." गेली. तुझ्यासारखीच बोलते मी आता सुनेशी. तुला बरं वाटेल ऐकून, मला वाटत नाही.

आधी तुला सगळं नीट सांगते, नाहीतर मध्येच "काय बडबडतेस गो?" म्हणशील. माझ्या धाकट्याची मुलगी, म्हणजे तुझी पणती, अंधेरीला कॉलेजात जाते. समुद्राचं शास्त्र शिकते. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हटलं, समुद्र घरासमोर आहे, त्याला अंधेरीला जाऊन काय शिकायचं? तर गेल्या दिवाळीत ती माळा साफ करायला चढली आणि पत्र्याच्या ट्रंकेतून कॅलेंडरची जुनी पानं घेऊन खाली उतरली. तीच पानं. प्रत्येक तारखेच्या चौकोनात माझ्या पेन्सिलीने वेळ लिहिलेली, आणि त्याखाली दुसरी वेळ. पोरगी तिथेच शिडीच्या खालच्या पायरीवर बसली. "आजी, हे काय आहे?" म्हटलं, "पाणी." "कसलं पाणी?" "कसलं म्हणजे? खाडीचं. कधी वळलं ते." आठ दिवस ती त्या पानांवर आडवी पडून होती. भरतीच्या वेळांचं छापील पुस्तक असतं म्हणे, त्याच्या जुन्या प्रती शोधून तिने एकेक वेळ जुळवून पाहिली. मग एक दिवस धावत स्वयंपाकघरात आली आणि मला गदागदा हलवून म्हणाली, "आजी, झकास काम केलंयस तू यार!" मी म्हटलं, "यार कोणाला म्हणतेस मेले, हातात कालथा आहे माझ्या."

तेव्हापासून माझी झोप आणि भाजी दोन्ही करपतायत. कारण ती पानं कशामुळे लिहिली गेली ते मला ठाऊक आहे आणि तुला ठाऊक होतं, तिसऱ्या कोणाला नाही.

मी तुझ्या घरात आले तेव्हा मला स्वतःचा केवढा तोरा होता, ते तू विसरली नसशील. तू माझ्या बापाची सख्खी बहीण, तुझ्या मांडीवर मी खेळलेली, तरी सून म्हणून उंबरा ओलांडला तो मान वर करूनच. का, तर मी चौथी शिकलेली. आणि बापाने मला भरतीची रीत शिकवलेली. आजची तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, येईल तितक्या वाजता भरती पुरी. पुनव किंवा अवस झाली की पुन्हा एकपासून. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी पुरी, की पाणी वळलं. शाळेत मास्तर छडी घेऊन पाऊणकी घोकून घ्यायचे, पाऊण, दीड, सव्वादोन, तीन, पावणेचार. त्या मास्तरांना समुद्राशी काही देणंघेणं नव्हतं, ते घाटावरचे, बोंबलाच्या वासाने नाकाला रुमाल लावायचे. पण कोणीतरी कधीतरी ती पाऊणकी उचलून चंद्राला जोडली, ती माझ्या बापापर्यंत आली आणि बापाकडून माझ्याकडे. मला वाटायचं, समुद्राची किल्ली माझ्या कमरेला आहे.

ती पंचमी. थंडीचे दिवस, तू, मी आणि गल्लीतल्या चौघी, खाडी ओलांडून मढच्या बाजूच्या खडकांवर कालवं फोडायला गेलेलो. पंचमी म्हणजे कालवांचा शेवटचा दिवस, त्यानंतर पाण्याचा जोर ओसरतो आणि बाहेरचे खडक उघडे पडत नाहीत, म्हणून प्रत्येकीला टोपली भरायची घाई. तू निघतानाच सांगितलं होतंस, "आज लवकर आवरायचं, पंचमी हाय." मी मनात हिशेब केला. पंचमीची भरती पावणेचार, म्हणजे ओहोटी पावणेदहा. वळल्यावरही तासभर खडक आणि वाळूच्या मधली घळ चालत ओलांडता येते, हे शेंबड्या पोरालाही माहीत. म्हणजे मला पावणेअकरापर्यंत मोकळीक. मी सगळ्यात बाहेरच्या खडकावर गेले, जिथे कालवं तळहाताएवढी. तू हाका मारतेस, मी ऐकून न ऐकल्यासारखं करते. चौघी परत फिरतात, त्यातली एक ओरडते, "ए शिकलेली, चल गो!" मी हात हलवते. सूर्य बघते, अजून सव्वादहासुद्धा नाहीत. मी मजेत आहे. मला आजही आठवतं की मी गुणगुणत होते.

घळीपाशी आले तेव्हा पाणी छातीला. दोन पावलं टाकली, गळ्याला. आणि पाणी उभं नव्हतं, ओढत होतं. मला पोहायला येत नव्हतं. एक टोपली डोक्यावर, एक कमरेला, दोन्ही गेल्या, हातातलं लोखंडी हत्यार गेलं, आणि मग माझ्या अंबाड्याला कोणीतरी धरलं ते थेट वाळूपर्यंत सोडलंच नाही. वाळूत आणून तू मला पहिली थप्पड मारलीस. दुसरी मारलीस. मग म्हणालीस, "पाणी काय तुझ्या मास्तराला इचारून येतं?" चौघी हसल्या. त्या हसल्या ते मला थपडांपेक्षा जास्त लागलं. एवढं बोलून तू बसलीस आणि तुझ्या मुठीत माझे उपटलेले केस तसेच होते, ते मी पाहिलं. पाहिलं आणि तोंड फिरवलं.

संध्याकाळी चुलीपाशी मी रुसून भाकऱ्या थापते आहे. तू निवडलेली सुकट सुपात घेऊन बसलीस. लागलं का, खरचटलं का, काही विचारलं नाहीस. म्हणालीस, "ती तुझी पाऊणकी म्हण बघू." मला वाटलं टर उडवतेस. तू डोळे वटारलेस तशी मी म्हणायला लागले, प्रतिपदेपासून. तू सुपावरचा हात थांबवून ऐकत होतीस. तीजेपर्यंत मान हलवलीस. चतुर्थीला नाक मुरडलंस. पंचमीला म्हणालीस, "हितं चुकतं. पाणी आधी वळतं." षष्ठीला, "हितंबी." दशमीला, "हे जमलं." एकादशीला, "आता उलटं चुकतं, हितं पाणी उशिरा." पुनवेला, "बराबर." आत्या, तुला पाऊण म्हणजे काय ते धड सांगता आलं नसतं. सुपारीचे चार तुकडे करून त्यातले तीन दाखवले असतेस. पण जो हिशेब तू जन्मात पहिल्यांदा ऐकत होतीस, त्यात बोट घालून तू नेमकी भोकं दाखवलीस. माझी भाकरी जळली. तू म्हणालीस, "जळली ती तूच खा."

मी विचारलं, "तुला कोणी सांगितलं हे?" तू म्हणालीस, तुझी सासू म्हणायची की पुनव-अवस झाली की पाणी काही दिवस घाईत असतं आणि मग काही दिवस आळसावतं. ती एवढंच सांगायची. कुठल्या दिवशी घाई आणि कुठल्या दिवशी आळस, ते तू पाहिलंस, वीस वर्षं खडकावर वाकून. "आणि तिला कोणी सांगितलं?" मी विचारलं. तू भडकलीस. "मी कालवं फोडायला शिकत होते का पुराण ऐकायला?" हे मी परवापासून मनात घोळवते आहे. माझा बाप आणि तू एका घरात वाढलात, एका ताटात जेवलात. त्याच्याकडे पाऊणकी आणि तुझ्याकडे ती चुकते कुठे ते. आणि दोघांनी जन्मात एकमेकांना विचारलं नाही. तो पुरुषांत बसायचा, तू बायकांत. मी दोन टोपल्या बुडवल्या नसत्या तर दोन्ही गोष्टी वेगवेगळ्याच चितेवर गेल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी तू मामांचं घड्याळ आणून माझ्या हातात ठेवलंस. नवरा गेल्यावर तू ते कोणाला हात लावू दिलं नव्हतंस, स्वतःच्या मुलालाही नाही. पट्टा तुटलेला, काचेला तडा. म्हणालीस, "तुला लिवता येतं ना? मग माझं लिव." मला अजून वाटतं की माझ्या लग्नात मिळालेल्या सगळ्या वस्तूंत तेवढीच एक वस्तू कोणी विचार करून दिली होती. पुढचं वाक्यही सांगून टाकते, नाहीतर तू म्हणशील मी गोड गोड लिहिते. "चावी द्यायला इसरलीस तर बोटं मोडीन."

मग दीड वर्ष. तू धक्क्याच्या टोकाला बसायचीस, सुकी मासळी निवडायला घेऊन किंवा नुसतीच, आणि नारळाच्या काथ्याचा एक तुकडा पाण्यात टाकायचीस. तुकडा जातो आहे, जातो आहे, मंदावतो, थांबतो. मग उलटा निघाला की तू ओरडायचीस, "वळलं!" धक्क्यावरची ओरडायची, "वळलं गो!" तिचं ऐकून जाळी विणणारा म्हातारा, त्याचं ऐकून कोपऱ्यावरची, आणि शेवटी आमच्या दारात कोणीतरी, "वळलं म्हणते तुझी सासू!" की मी पिठाचा हात पुसून घड्याळ बघायची आणि चौकोनात लिहायची. वर पाऊणकीची वेळ, खाली तुझी. गल्लीने आपल्याला वेड्या ठरवलं होतं. एकदा कॅलेंडरात एक तिथीच नव्हती, सप्तमीनंतर थेट नवमी. मी घाबरून धावत आले, आता कुठल्या चौकोनात लिहू? तू काथ्यावरची नजर न काढता म्हणालीस, "तिथी उडाली आसंल. पाण्यानं काय उडी मारली नाय. लिव."

दीड वर्षांनी मी पानं पसरून बसले आणि मला दिसलं. तीजेपासून पाणी पाऊणकीच्या पुढे धावायला लागतं, पंचमी-षष्ठीला पुरा पाऊण तास आधी. मग मागे येत येत दशमीच्या सुमाराला पाऊणकीला मिळतं. एकादशी-द्वादशीला अर्धा-पाऊण तास मागे पडतं. पुनवेला पुन्हा जागेवर. मी तुला वाचून दाखवलं. तू म्हणालीस, "मग? मी काय येगळं सांगत होते?" खरं आहे, वेगळं काही नव्हतं. पण तू "आधी" म्हणत होतीस आणि मी "किती आधी" लिहिलं होतं. त्यानंतर आपल्या गल्लीतली एकही बाई पंचमीला घळीत सापडली नाही, आणि एकादशीला होड्यांची वाट बघत कोणी तासभर आधी धक्क्यावर जाऊन उन्हात बसलं नाही. इथवर मला लिहायला काही जड गेलं नाही. आता उठून चहा ठेवते.

चहा झाला. पुढचं टाळून चालणार नाही.

बोंबील सुकत घातले होते, बांबूंच्या रांगाच्या रांगा, आणि एक साहेब आला होता कुठल्यातरी कचेरीतून. बूट वाळूत रुतत होते बिचाऱ्याचे. कोळणी भरती-ओहोटी कशी ओळखतात ते लिहून घ्यायला आलेला. बायकांनी त्याला माझ्याकडे ढकललं, ही लिहिणारी म्हणून. मी पाऊणकी सांगितली, वर पंचमीचं आणि एकादशीचं सांगितलं. त्याने पेन थांबवलं. म्हणाला, "हे फार छान आहे. हे कोणी शोधलं, बाई?" तू माझ्यापासून दोन हातांवर बसली होतीस, बोंबील उलटत होतीस. मी म्हटलं, "मी." त्याने विचारलं, "एकटीने?" मी म्हटलं, "मग काय?"

त्याने लिहून घेतलं. तू एक बोंबील उलटलास, दुसरा उलटलास.

आत्या, तू कावळ्याला शिव्या द्यायचीस. तू वाऱ्याला शिव्या द्यायचीस. मीठ जास्त झालं म्हणून तू माझ्या बापाचा, म्हणजे स्वतःच्या भावाचा, उद्धार करायचीस. आणि त्या दिवशी काही बोलली नाहीस. मी घरी येऊन वाट बघत होते. जेवताना वाट बघितली. दुसऱ्या दिवशी सकाळी तू म्हणालीस, "घड्याळाला चावी दिलीस?" रोज विचारायचीस तसंच. त्यानंतर तू सहा वर्षं जगलीस आणि त्यावर एक शब्द काढला नाहीस. मी तेव्हा समजून घेतलं की तुला ऐकू गेलं नाही. वाऱ्याचा आवाज होता. आता मी तुझ्या वयाची झाले, माझेही कान गेलेत असं घरात सगळे समजतात, आणि मला दोन खोल्या पलीकडचं कुजबुजलेलंसुद्धा ऐकू येतं.

का म्हटलं मी तसं? खूप शोधलं. साहेब माझ्याकडे बघत होता आणि आयुष्यात पहिल्यांदा कोणी शिकलेला माणूस मी बोलते ते लिहून घेत होता, हे एक. दुसरं, मला त्या चौघींचं हसू अजून टोचत होतं. आणि तिसरं म्हणजे मला ते खरंच वाटत होतं. पेन्सिल माझी, अक्षर माझं, दीड वर्ष पिठाचे हात मी पुसले. मी लिहिलं नसतं तर तुझ्याबरोबर ते जळून गेलं असतं. हे म्हटलं की मला जरा बरं वाटतं, आणि लगेच दुसरं सुचतं, तू अंबाडा धरला नसतास तर मी पेन्सिल घेऊन कुठे बसले असते, घळीत? मग पुन्हा पहिलं. असं परवापासून चाललं आहे. खिडकीशी जाते, परत येते. सून म्हणते, डॉक्टरकडे जाऊ या का.

नातीने मला त्यातलं शास्त्र सांगितलं, तेही तुला सांगते, तुला आवडलं असतं. ओट्यावर नारळ ठेवला, ही पृथ्वी. शेजारी लिंबू, हा चंद्र. आणि गॅसची शेगडी म्हणजे सूर्य. चंद्र पाण्याला ओढतो, हे मला ठाऊक होतं. पण सूर्यही ओढतो म्हणे, चंद्राच्या निम्म्यानेही नाही, तरी ओढतोच. पुनव-अवसेच्या सुमाराला दोघांची ओढ एका रेषेत असते, म्हणून पाणी जोरात. मधल्या दिवसांत लिंबू इकडे आणि शेगडी तिकडे, मग पाणी पुरतं कोणाच्याच वेळेवर येत नाही, कधी थोडं आधी, कधी थोडं उशिरा. मी म्हटलं, "कळलं. म्हणजे तुझे आजोबा." ती म्हणाली, "म्हणजे?" "म्हणजे त्यांची आई एकीकडून ओढायची, मी दुसरीकडून. जन्मात कधी वेळेवर घरी आले नाहीत." ती हसून हसून ओट्यावर आडवी झाली. पण तुझी सासू ज्याला घाई आणि आळस म्हणायची, ते लिंबू आणि शेगडी होतं, आत्या. तिने नुसती नजर ठेवली, तू दिवस धरलेस, मी मिनिटं लिहिली, आणि पोरीने कारण सांगितलं. कारणही तिचं नाही, तीच म्हणाली, ते तिच्या पुस्तकांत कधीपासूनचं आहे, आणि त्या पुस्तकवाल्यांनी त्यांच्या आधीच्यांकडून घेतलं. "मी नवीन काहीच शोधलं नाही गं आजी. नवीन एवढंच की इथल्या लोकांनी हे स्वतः मोजलं होतं, आणि ते कुठेच लिहिलेलं नाही."

लोकांनी! माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "लोकांनी म्हणजे कोणी? लोक दुपारी घोरत होते." ती म्हणाली, "म्हणून तर विचारते. तुझी रीत आता छापून येणार आहे, सरांनी सांगितलंय की नाव शोधून काढ. नाव कळलं तर लिहितो, नाही कळलं तर परंपरा म्हणून लिहितो." म्हटलं, "परंपरा कोणाची बायको?" ती म्हणाली, "आजी, टाळू नकोस. कोणाला सुचलं हे?" आणि मी पुन्हा म्हटलं, "मला." परवाची गोष्ट, आणि आज पाचला ती ते नाव सरांना पाठवणार. या वेळी वारा नव्हता, पंखासुद्धा बंद होता.

त्या मागच्या बाईचं काय, असंही मनात येतं. तुझ्या सासूचं नाव मला ठाऊक नाही. तिला जिने सांगितलं असेल तिचं तर तुलाही ठाऊक नव्हतं. प्रत्येकीने मागचीकडून घेतलं, आपली चिमूट टाकली आणि पुढचीला देताना मागचीचं नाव गिळलं. मग मीच काय जगावेगळी चोर? हे मी काल दिवसभर स्वतःला सांगितलं. पण त्यांनी नावं गिळली कारण त्यांना कोणी विचारलं नव्हतं. मला विचारलं. दोनदा.

साडेचार वाजले आहेत, ती आली. एवढं लिहून ठेवते आणि उठते.

आता सव्वापाच.

मी तिला सांगितलं, "ते पाणी आधी वळतं ते मला सुचलेलं नाही. ते तुझ्या पणजीचं. मी घड्याळ बघत होते नुसती." ती चप्पल काढता काढता थांबली. मला वाटलं रागावेल, कागद बदलावे लागणार. तर ती खाली बसली आणि म्हणाली, "सांग. सगळं सांग, पहिल्यापासून." मी घळीचं सांगितलं, थपडांचं सांगितलं, काथ्याचं सांगितलं, साहेब येऊन गेल्याचंही ओझरतं सांगितलं. "वळलं गो" म्हणून ओरडून दाखवलं, तशी सून आतून पळत आली. पोरीने मोबाईलवर भराभर लिहिलं. मग विचारते, "पणजीचं नाव?" मी लग्न झाल्यापासून ते तोंडातून काढलेलं नाही. काढलं. तिने लिहिलं. तुझ्या सासूबद्दल काय लिहायचं ते कळेना, तर तिने लिहिलं, "आणि तिची सासू, नाव माहीत नाही." मला ते परंपरेपेक्षा बरं वाटलं. निदान कळतं की तिथे एक बाई होती.

मग ती म्हणाली, "तुझं नाव काढू का मग?" मी उठून पाण्याचा पेला भरला, प्यायले, पुन्हा बसले. म्हटलं, "कशाला काढतेस? लिहिलं मीच आहे. तिच्या खाली ठेव." तिने ठेवलं आणि पाठवून दिलं. मोबाईलमध्ये कसलासा आवाज झाला, बस, गेलं.

एवढ्यावर उठायला हवं होतं तिने. पण पोरगी तुझ्या वळणावर गेली आहे, भोक दिसलं की बोट घालते. दारात थांबून म्हणाली, "आजी, तू म्हणालीस पूर्वी एक साहेब आलेला. त्याला कोणाचं नाव सांगितलं होतंस?"

मी म्हटलं, "तिचंच. शेजारीच तर बसली होती."

हा कागद मी तिला दाखवणार नाही. तुला तर पाठवायची सोयच नाही. तेवढं मात्र माझ्याच्याने झालं नाही, आत्या.